एकवाक्या अक्कादेवी
(चालुक्य राजकुळातील एक थोर भगिनी)

दक्षिण भारतातील जैन धर्माच्या इतिहासात स्त्रियांनी केलेले कार्य श्रावक-श्राविकांना अपरिचित नाही. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या सहस्र प्रती लिहवून घेऊन त्यांचे शास्त्रदान करणारी आणि लक्कुंडी येथे जिनालय उभारणारी दानचिंतामणी अत्तिमब्बे, गोम्मटेश्वराची मूर्ती घडविणाऱ्या चामुंडरायाची माता काळलदेवी, श्रवणबेळगोळ येथे बसदी बांधणारी होयसळ पट्टराणी शांतलादेवी ही नावे पर्वकाळात, प्रवचनांत आदराने घेतली जातात. या मालिकेत शोभून दिसेल असे एक नाव मात्र क्वचितच कानावर येते. ते नाव कोणा राणीचे किंवा राजमातेचे म्हणून प्रसिद्ध झाले नाही. ते एका बहिणीचे नाव आहे. कल्याणीचे चालुक्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजघराण्यातील सम्राट दुसरा जयसिंह याची भगिनी अक्कादेवी, ही ती स्त्री होय.

'अक्का' या शब्दाचा अर्थ दक्षिण महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. थोरल्या बहिणीला कन्नडमध्ये अक्का म्हणतात, तमिळमध्ये अक्का म्हणतात आणि मराठीतही अक्काच म्हणतात. घरातील अक्काचा शब्द धाकट्या भावंडांनी मोडावयाचा नाही, ही रीत तिन्ही भाषांच्या प्रदेशांत सारखीच आहे. राजवाड्यात ही रीत कशी पाळली गेली आणि राज्यावर बसलेल्या भावाच्या कारभारात बहिणीच्या शब्दाला कोणते स्थान होते, याचे उत्तर अक्कादेवीच्या चरित्रातून मिळते.

मानधन कुळांचा काळ

इ.स. ९७३ मध्ये तैलप दुसरा याने राष्ट्रकूटांची सत्ता संपवून चालुक्यांचे राज्य पुन्हा स्थापन केले. हे राज्य म्हणजे केवळ शासनयंत्रणा नव्हती. ते एक कुळ होते आणि त्या कुळाभोवती कदंब, शिलाहार, सिंद, रट्ट अशा अनेक सामंत कुळांचे कडे होते. सोयरीक, स्वामिनिष्ठा आणि दिलेला शब्द या तीन धाग्यांवर सारे राज्य विणलेले असे. शब्द मोडला की सामंत फिरत, सोयरीक तुटली की सीमा हलत. गावोगावचे वीरगळ आजही सांगतात की गाई सोडविताना किंवा धन्यासाठी लढताना आलेले मरण हे त्या समाजात लाजिरवाणे नव्हे, तर अभिमानाचे होते.

अशा समाजात बिरुदाला फार मोल होते. बिरुद म्हणजे नुसते भूषण नव्हे. तो चारचौघांत जाहीर केलेला शब्द असे. शिलालेखांतून अक्कादेवीची जी बिरुदे आढळतात ती या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. 'गुणदबेडंगी' म्हणजे गुणांनी शोभणारी, सद्गुण हेच जिचे सौंदर्य आहे अशी. दुसरे 'रणभैरवी'. आणि तिसरे 'एकवाक्या', म्हणजे एकवचनी, एकदा दिलेला शब्द न बदलणारी. पराक्रमाची बिरुदे त्या काळी पुष्कळांना मिळत. परंतु एका राजकन्येच्या वचनाची ख्याती दगडावर कोरली जावी, ही गोष्ट थोडी नव्हे.

कथेतील बहीण

याच राजकुळातील एका बहिणीची कथा जैन प्रबंधवाङ्मयातून आली आहे. वढवाण येथे विक्रम संवत १३६१ मध्ये मेरुतुंगाचार्यांनी 'प्रबंधचिंतामणी' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात माळव्याचा राजा मुंज आणि तैलप यांच्या वैराची कथा आहे. मुंज युद्धात पकडला जातो. तैलपाची बहीण मृणालवती हिच्याकडे बंदिवान राजाची देखरेख सोपविली जाते. दोघांची मने जुळतात. सुटकेची योजना ठरते तेव्हा मुंज विश्वासाने ते गुपित तिला सांगतो. ती ते आपल्या भावाला सांगते. पुढे मुंजाची विटंबना होते, त्याला दारोदार भिक्षा मागावयास लावून शेवटी ठार मारले जाते.

ही कथा घडल्या काळानंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिली गेली. तिला इतिहासाचे प्रमाण मानता येत नाही. तथापि ती लोकांच्या मनात घर करून राहिली. कन्हैयालाल मुनशी यांनी तिच्यावर 'पृथिवीवल्लभ' ही गुजराती कादंबरी लिहिली. सोहराब मोदी यांच्या १९४३ सालच्या 'पृथ्वीवल्लभ' या चित्रपटात मृणालवतीची भूमिका दुर्गाबाई खोटे यांनी केली, त्यामुळे महाराष्ट्रातील जुन्या पिढीलाही ती परिचित झाली. भावाला मसलत देणारी, परंतु एका विश्वासाला मुकलेली बहीण अशी तिची प्रतिमा रूढ झाली. कुळाचा मान आणि दिलेला शब्द यांत एकाची निवड करावयाची झाल्यास स्त्री काय करील, हा प्रश्न त्या कथेने उपस्थित केला आणि त्याचे उत्तर स्त्रीजातीला दूषण देऊन संपविले.

अक्कादेवी ही याच तैलपाची नात, त्याच्या दशवर्मा या पुत्राची कन्या. म्हणजे कथेतील मृणालवती ही तिच्या आजोबांची बहीण ठरते. कथेने त्या घराण्यातील एका बहिणीवर विश्वासघाताचा डाग ठेवला. शिलालेखांनी मात्र त्याच घराण्यातील दुसऱ्या बहिणीला 'एकवाक्या' म्हटले. कथा फार झाली, आता शिलालेखांकडे वळणे योग्य.

उद्ध्वस्त प्रांताची जबाबदारी

इ.स. १००७ च्या सुमारास चोळांची प्रचंड सेना चालुक्यांच्या मुलुखात शिरली. त्या वेळी अक्कादेवीचा चुलता सत्याश्रय राज्य करीत होता. होट्टूर येथील शिलालेखात शत्रूची सेना नऊ लक्ष होती असे म्हटले आहे. ही संख्या अतिशयोक्त मानली तरी त्या लेखात वर्णिलेली जाळपोळ आणि स्त्रिया-बालकांची हत्या यांवरून प्रजेवर कोसळलेल्या संकटाची कल्पना येते.

या स्वारीनंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत, इ.स. १०१० मधील सूडी येथील शिलालेखात, अक्कादेवी 'किसुकाडु सत्तर' या प्रांताचा कारभार पाहत असल्याचे दिसते. सत्तर गावांचा हा प्रांत आजच्या गदग-बागलकोट जिल्ह्यांच्या परिसरात मोडतो. तेव्हा तिचा भाऊ विक्रमादित्य पाचवा गादीवर होता. त्याच्यानंतर इ.स. १०१५ मध्ये दुसरा भाऊ जयसिंह राजा झाला आणि त्याने १०४३ पर्यंत राज्य केले. पुढे भाचा सोमेश्वर पहिला गादीवर आला. तीन राजे बदलले, परंतु अक्कादेवीचा अधिकार कायम राहिला. हानगलच्या कदंब कुळाशी तिची सोयरीक झाली आणि बनवासी प्रांताच्या कारभाराशीही पुढे तिचे नाव जोडले गेले. माहेरचे राज्य आणि सासरचे सामंतपद यांना जोडणारा दुवा म्हणून ती चाळीस वर्षांहून अधिक काळ उभी राहिली.

राजवाड्यातील मसलती दगडावर कोरून ठेवण्याची पद्धत नव्हती. अक्काने जयसिंहाला एकांतात काय सांगितले याचा लेख कोठेही मिळणार नाही. परंतु कोणाचा सल्ला मानला जातो हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे : ज्याच्या शब्दावर विश्वास असतो त्याच्या हाती जबाबदारी दिली जाते. दोन भाऊ आणि एक भाचा अशा तिघांनीही तिच्यावर प्रांत सोपविले, गढ सोपविले, सैन्य सोपविले. तिच्या विचाराला राजकुळात कोणते स्थान होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असू शकेल?

दोन राजांचे दोन विजय

जयसिंहाच्या काळातही चोळांशी वैर धगधगतच राहिले. इ.स. १०२१ च्या सुमारास राजेंद्र चोळ आणि जयसिंह यांची मुशंगी येथे मोठी लढाई झाली. चोळांच्या प्रशस्तीत जयसिंह भिऊन पाठ फिरवून पळाला असे कोरले आहे. याउलट मिरज येथे सापडलेल्या इ.स. १०२४ च्या ताम्रपटात जयसिंहाने बलाढ्य चोळाला हुसकून लावले, सात कोंकणांच्या अधिपतींचे सर्वस्व हरण केले आणि उत्तर दिग्विजयासाठी कोल्हापूरजवळ सैन्याचा तळ दिला असे वर्णन आहे. एकाच वैराची ही दोन वर्णने. हरल्याची कबुली कोणीच दिलेली नाही. मानी कुळांचा हाच स्वभाव होता. पराभव गिळावा, पण दगडावर आणि तांब्यावर विजयच कोरावा.

याच काळातील अक्कादेवीचे लेख वाचू लागले की वेगळा सूर ऐकू येतो. इ.स. १०२२ च्या बेलूर (बदामीजवळील) शिलालेखात तिच्या धर्माचरणाचे वर्णन आहे. जिन, बुद्ध, अनंत म्हणजे विष्णू, आणि रुद्र या चौघांच्या आगमांत सांगितलेली व्रते ती आचरीत असे, असे तो लेख सांगतो. देवालयाच्या पूजेबरोबरच विद्यार्थ्यांच्या अन्नवस्त्राची सोय केल्याचाही त्यात उल्लेख येतो.

या उल्लेखाचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळच्या राजसभेचे स्मरण ठेवले पाहिजे. ज्यांचे एकीभाव स्तोत्र आजही जिनमंदिरांतून भक्तिभावाने म्हटले जाते ते वादिराजसूरी याच जयसिंहाच्या काळातील. आपले पार्श्वनाथचरित त्यांनी शके ९४७ मध्ये, म्हणजे इ.स. १०२५ मध्ये पूर्ण केले. दुसरीकडे राणी सुग्गलादेवी ही शैव संत देवर दासिमय्या यांची शिष्या होती आणि त्यांनी जैन पंडितांना वादात जिंकले, अशी वीरशैव परंपरा आहे. तात्पर्य, धर्मवादाची धग राजवाड्याच्या अंतःपुरापर्यंत पोहोचलेली होती. अशा वेळी राजाच्या भगिनीने सर्व दर्शनांचा मान राखावा, यात श्रद्धेइतकेच राजनीतीचे शहाणपणही होते. भावाच्या प्रजेत शैव होते, वैष्णव होते, जैन व्यापारी आणि शेतकरीही होते. एकाचा मान राखताना दुसऱ्याचा अवमान होऊ नये, हा तिचा न बोलता दिलेला सल्लाच म्हणावा लागेल.

म्हणूनच अक्कादेवीला केवळ जैन राणी म्हणून आपल्याकडे ओढणे योग्य ठरणार नाही. सूडी येथील शिवालय तिच्या नावाने अक्केश्वर म्हणून ओळखले गेले. तिचे मोठेपण एका पंथाच्या मापाने मोजण्याजोगे नाही.

गोकाकचा वेढा आणि जिनालयाचे दान

इ.स. १०४७. अक्कादेवी आता तरुण राहिली नव्हती. किसुकाडूचा कारभार हाती घेतल्याला सदतीस वर्षे लोटली होती. भाऊ जयसिंह निवर्तला होता. या वर्षी अरसीबीडी येथील शिलालेखात ती गोकागे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाक, येथील किल्ल्याला वेढा देऊन बसल्याचे वर्णन येते. अरसीबीडी म्हणजेच त्या वेळचे विक्रमपूर. तेथे तिच्याच बिरुदावरून नाव पडलेले 'गोणदबेडंगी जिनालय' होते. या जिनालयातील पूजा, इमारतीची डागडुजी आणि तेथील त्यागीवर्गाचा आहार यांसाठी तिने भूमिदान केले. हे दान मूलसंघ, सेनगण, होगरी गच्छाचे नागसेन पंडित यांच्या हाती सुपूर्द झाले.

येथे जैन वाचकाच्या मनात एक शंका सहज येईल. जिच्या हाती तलवार, जिची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी, तिचे दान अहिंसेच्या मंदिराला कसे? ही शंका टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद जैन परंपरेत सांगितले जातात. संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाला अनिवार्य आहे. विरोधी हिंसा, म्हणजे रक्षणासाठी करावा लागणारा प्रतिकार, गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही असे मानले गेले. चामुंडराय गंगांचा सेनापती होता, गंगराज होयसळांचा सेनापती होता. दोघेही जिनभक्त म्हणून वंदनीय ठरले. तरीही या विवेचनाने वेढ्यात पडलेल्यांचे दुःख कमी होत नाही. हिंसा आवश्यक झाली म्हणून ती पुण्य ठरत नाही.

कदाचित अक्कादेवीच्या दानाचा अर्थ याच ठिकाणी शोधावा लागेल. राजकुळाच्या कर्तव्याने तिला किल्ल्यापुढे उभे केले. परंतु त्या छावणीतही जिनालयाची डागडुजी आणि त्याग्यांचा आहार यांचे विस्मरण तिला झाले नाही. किल्ला घेण्यासाठी गेलेली स्त्री जे मंदिर उभे आहे ते उभेच राहावे, त्याचा दीप आणि अन्नछत्र खंडित होऊ नये याची व्यवस्था लावते, ही गोष्ट त्या मानी काळात वेगळी उठून दिसते.

आठ शेट्टी, ऐंशी घरे

तिच्या अखेरच्या काळातील आणखी एक लेख सूडी येथील आहे, साल इ.स. १०५०-५१. सूडी हे व्यापारी गाव. तेथील आठ शेट्टी आणि ऐंशी घराणी यांचा मिळून नगराचा कारभार चाले. कर किती, हक्क कोणते, कर्तव्ये कोणती, याची जुनी व्यवस्था चोळांच्या युद्धाने विस्कटून गेली होती. तेव्हा विक्रमपूर येथे अक्कादेवीच्या मंत्र्यांची सभा भरली आणि या शेट्टींना व घराण्यांना त्यांची मर्यादा, म्हणजे नगराची घटना, नव्याने लिहून देण्यात आली.

या लेखात कोणाचा पराभव नाही, कोणाची पाठ दिसत नाही, कोणाचे सर्वस्व हरण झालेले नाही. युद्धाने जे मोडले ते पुन्हा बसविल्याची ही नोंद आहे. मुशंगीची लढाई कोणी जिंकली याविषयी मिरजेचा ताम्रपट एक सांगतो आणि चोळांचा लेख दुसरे. परंतु त्या वैराची किंमत सूडीच्या शेट्टींनी मोजली होती आणि ती भरून काढण्याचे काम राजाच्या बहिणीने केले, यात दुमत होण्यास जागा नाही. युद्धापूर्वी त्या घराण्यांना मिळालेला शब्द युद्धानंतर पुन्हा लिहून देणे, हेच 'एकवाक्या' या बिरुदाचे खरे सार्थक होय.

शत्रूच्या घरातील अक्का

हा विषय पूर्ण होण्यासाठी सीमेपलीकडेही एक दृष्टिक्षेप टाकला पाहिजे. योगायोग असा की ज्या चोळ कुळाशी चालुक्यांचे हाडवैर होते, त्या कुळातही त्याच काळात एक अक्का होती. सम्राट राजराज चोळ याची थोरली बहीण कुंदवै ही ती होय. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरील लेखात राजराजाने आज्ञा केली आहे की आपण दिलेली दाने, आपल्या अक्काने दिलेली दाने, आपल्या राण्यांनी दिलेली दाने आणि इतरांची दाने दगडावर कोरावीत. राजानंतर लगेच अक्का, आणि राण्या तिच्यामागून; हा क्रम पुरेसा बोलका आहे.

या कुंदवैने दादापुरम येथे शिव, विष्णू आणि जिन अशा तिघांची मंदिरे उभारली. तिरुवण्णामलै जिल्ह्यातील तिरुमलै या डोंगरावर तिच्या नावाचे 'कुंदवै जिनालय' आहे. या क्षेत्रावरील भगवान नेमिनाथांची सुमारे सोळा फूट उंचीची मूर्ती तमिळनाडूतील सर्वांत उंच जैन मूर्तींमध्ये गणली जाते. तमिळ वाचकांना कुंदवै मुख्यतः कल्की यांच्या 'पोन्नियिन सेल्वन' या कादंबरीतून, भावाला राजनीतीचा मार्ग दाखविणारी चतुर राजकन्या म्हणून परिचित आहे.

याच तिरुमलैच्या खडकावर इ.स. १०२४-२५ च्या सुमाराचा एक लेख आहे. त्याच्या आरंभी राजेंद्र चोळाच्या दिग्विजयांची यादी येते आणि त्या यादीत जयसिंह मुशंगीहून पळाल्याचे वाक्यही आहे. म्हणजे अक्कादेवीच्या भावाची मानहानी कुंदवैच्या जिनालयाच्या डोंगरावर कोरली गेली. मात्र तो लेख मुळात कोरला गेला तो या विजयासाठी नव्हे. लेखाच्या अखेरीस त्याचे खरे कारण येते : चामुंडप्पै नावाच्या एका व्यापाऱ्याच्या पत्नीने त्या जिनालयात अखंड नंदादीप तेवत ठेवण्यासाठी दान दिले, याची ती नोंद आहे. राजाच्या पराक्रमाच्या अनेक ओळी, आणि शेवटी एका श्राविकेचा दिवा.

उपसंहार

चालुक्यांचे राज्य गेले, चोळांचेही गेले. मुशंगीचे मैदान नेमके कोठले, यावर विद्वान वाद घालीत राहिले. ज्या मानासाठी एवढे सैन्य कापले गेले त्या मानाची आज कोणाला आठवणही नाही. त्या दोन्ही घरांतील अक्कांनी जे राखले ते मात्र अजून काही अंशी शिल्लक आहे. तिरुमलैला आजही यात्रेकरू जातात. अरसीबीडीची जिनमंदिरे भग्न झाली, तरी गावाच्या नावातील 'अरसी' हा राणीवाचक शब्द पुसला गेलेला नाही.

राज्यकर्त्या भावाला बहिणीने कोणता सल्ला द्यावा, याचा ग्रंथ अक्कादेवीने लिहिला नाही. तिने तो आपल्या आचरणाने दिला. कुळाचा मान शत्रूच्या पराभवाने वाढतो असे सारे राजे मानीत होते. तो दिलेल्या शब्दाने, राखलेल्या मंदिराने आणि सावरलेल्या गावाने टिकतो, हे तिने दाखविले. घराण्याचा कारभार असो वा समाजाचा, त्यात अक्काचा शब्द का ऐकावा, याचे कारण हजार वर्षांपूर्वीचे हे दगड आजही सांगत आहेत.